पित्ताशयातले खडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पित्ताशयात खडे’ असं वाचलं की काही जण लगेच ऑपरेशनची तारीख मागतात. उलट काही जण पुन्हा पुन्हा कळा सोसतात, पण ऑपरेशन टाळत राहतात. उपचार ठरवताना खडा दिसण्यापेक्षा त्याचा त्रास होतो का, हे जास्त महत्त्वाचं असतं.

गैरसमज : खडा दिसला की ऑपरेशन करावंच लागतं.
वस्तुस्थिती : बहुतेकांचे खडे आयुष्यभर गप्प राहतात. कधीच त्रास न झालेल्यांपैकी वर्षाला साधारण १ ते २ टक्के लोकांनाच दुखणं सुरू होतं. त्यामुळे एरवी वाट पाहणं सुरक्षित असतं. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा सोबत पॉलिप असेल, तर मात्र सर्जन वेगळा विचार करतात.

गैरसमज : जेवणानंतर वरच्या पोटात दुखतं ते गॅसमुळेच.
वस्तुस्थिती : खड्याची कळ अनेकदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री येते. ती उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. निदानासाठी उपाशीपोटी सोनोग्राफी उत्तम, कारण तेव्हा पित्ताशय भरलेलं असतं. साध्या एक्स-रेत बहुतेक खडे दिसतच नाहीत. खडा पित्तनलिकेत उतरल्याची शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करतात आणि तो ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढतात. थंडी वाजून ताप, कावीळ किंवा न थांबणारी कळ असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

गैरसमज : भरपूर पाणी, पानफुटी किंवा लिंबू-तेलाने खडे पडून जातात.
वस्तुस्थिती : लघवीवाटे पडतो तो मुतखडा. पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी संबंधच नाही. तेल आणि लिंबाचा रस प्यायल्यावर शौचातून पडणारे हिरवट गोळे हे त्याच तेलाचे, आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलचे लहान खडे विरघळू शकतात, पण त्याला महिने-वर्षं लागतात आणि गोळ्या थांबल्यावर खडे पुन्हा होणं नेहमीचंच.

गैरसमज : पित्ताशय काढलं की पचन कायमचं बिघडतं.
वस्तुस्थिती : पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवतं. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात येतं. काहींना जुलाब होतात, पण बहुतेक जण काही आठवड्यांत नेहमीसारखं जेवू लागतात. नुसते खडे काढून पित्ताशय ठेवलं, तर खडे पुन्हा होऊ शकतात. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये केली. आता ती जिल्ह्याच्या गावीही होते.

गैरसमज : हा मोठ्यांचा आजार, मुलांना होत नाही.
वस्तुस्थिती : सिकलसेल, थॅलेसेमिया अशा आजारांत रक्तपेशी लवकर फुटतात आणि त्यांच्या रंगद्रव्याचे खडे बनतात. ते गोळ्यांनी विरघळत नाहीत. लठ्ठ किशोरवयीनांमध्येही खडे आढळतात. सेफ्ट्रायॲक्सोन या इंजेक्शनमुळे दिसणारे खडे मात्र औषध थांबवल्यावर सहसा आपोआप जातात, म्हणून मुलाला अलीकडे कोणती औषधं दिली ते डॉक्टरांना सांगा. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलची मुलं बरीच आहेत. अशा मुलाचं पोट वारंवार दुखत असेल, तर जंताचं औषध देऊन थांबू नका. त्याची सोनोग्राफी करून घ्या.