पाचपट लहान ‘कब’

पायपर जे-३ कब हे १९३०च्या दशकातलं पिवळंधमक अमेरिकन विमान मॉडेलवाल्यांचं आजही लाडकं आहे. मूळ पंखविस्तार १०.७४ मीटर, १:५ प्रमाणात तो होतो २.१५ मीटर. वजन मात्र घनाच्या हिशेबानं उतरतं. ५५३ किलोचं भरलेलं विमान १२५ने भागलं की जेमतेम साडेचार किलो. वेगाचं गणित वर्गमुळाचं, म्हणून ताशी १२० किमीचे २४ न होता ५४ होतात. मॉडेल कायम घाईत दिसतं ते यामुळेच.

जुळणीत सगळ्यात आधी गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर, खालून दोन बोटं टेकवून विमान उचला. नाक किंचित झुकलं तर उत्तम. शेपूट जड निघालं तर बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्यानं भागलं नाही तर नाकात शिसं घाला. मग ट्रान्समीटरची काठी उजवीकडे ढकला: उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेलंच पाहिजे. हे उलटं जोडून पहिल्याच उड्डाणात विमान मातीत घालणारे कमी नाहीत!

कबची खरी खोड हवेत कळते. डावं एलेरॉन देताच नाक आधी उजवीकडे सरकतं. रडरची, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूची, जोड हवीच. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल हळूहळू. उतरल्यावर आधी विमान बंद, मग ट्रान्समीटर. चालू करताना नेमकं उलट.