चारशे यार्डांनंतरचा दीड तास

रात्रीचे दोन. घरात सामसूम. दंडाला बांधलेला पट्टा घुर्र करत फुगतो, हात करकचून आवळतो आणि काही सेकंदांनी फुस्स करून सैल पडतो. चोवीस तासांचं बीपी मशीन लावलेल्या माणसाची झोप अशी दर अर्ध्या तासाने चाळवते. दिवसा तर पट्टा पंधरा-वीस मिनिटांनीच फुगतो. एका वाचकाने नेमकं याच मशीनबद्दल विचारलं आहे: रोज सकाळी तासभर चालणं चुकत नाही, दवाखान्यात बीपी १३०च्या आत येतं, मग डॉक्टरांनी हा खटाटोप कशासाठी सांगितला?

कारण दवाखान्यातला आकडा एका मिनिटाचा असतो आणि रक्तदाब तर दिवसभर हलता. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो चढू लागतो, दिवसा कामाधामाप्रमाणे वरखाली होतो आणि झोपेत दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतो. ऑक्सफर्डच्या बेव्हन, ऑनर आणि स्टॉट यांनी थेट दंडाच्या धमनीत बारीक नळी घातली, नोंद करणारं यंत्र माणसाच्या अंगावरच दिलं आणि त्याला त्याच्या नेहमीच्या उद्योगाला मोकळं सोडलं. १९६९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत झोपेतली ही उतरण स्पष्ट दिसते. पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्यांचा दाब रात्री पुरेसा उतरत नाही त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळतं, याकडे डब्लिनच्या ओवेन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लक्ष वेधलं. रात्रीचं हे दुखणं सकाळी अकरा वाजता दवाखान्याच्या खुर्चीत कसं सापडणार?

आता चालण्याकडे येऊ. व्यायाम चालू असताना दाब उतरत नाही, चढतो. कॅनडात १९८५ मध्ये पायांनी वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा दाब धमनीत नळी घालून मोजला, तेव्हा एकाचा आकडा ४८०/३५० पर्यंत गेला होता! व्यायामाची कमाई सुरू होते ती थांबल्यावर.

ही कमाई फार लवकर टिपणारा माणूस म्हणजे इंग्लंडचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ लेनर्ड हिल. इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडपट्ट्याचं रक्तदाबमापक मांडलं १८९६ मध्ये. पुढच्याच वर्षी हिल यांनी हॅरोल्ड बर्नार्ड यांच्यासोबत काट्याचं स्वतःचं उपकरण तयार केलं, आणि १८९८ मध्ये नोंदवून ठेवलं की ४०० यार्ड जोरात धावल्यानंतर रक्तदाब दीड तास खालीच राहतो. स्टेथोस्कोप लावून रक्तदाब ऐकण्याची कोरोत्कोव्ह यांची पद्धत यायला अजून सात वर्षं होती! तरीही या नोंदीचा नीट पाठपुरावा व्हायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ जावा लागला. हिल यांचं नाव निघतं ते पाणबुड्यांच्या आजारासंदर्भात. त्यांचा मुलगा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल तर धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणून जगभर गाजला. वडिलांचा तो दीड तास मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. तो शाळेतल्या मुलांनाही शिकवावा इतका सुंदर आहे.

कारण त्याच्यामागची यंत्रणा खरोखर चकित करते. व्यायामानंतर मेंदू दाबाची पातळी थोडी खाली लावून घेतो, हे एक. दुसरं असं की, नुकत्याच राबलेल्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या काम संपल्यावरही सैल राहतात, आणि त्यांना सैल ठेवणारं एक रसायन म्हणजे हिस्टामिन. शिंका काढणारं, नाक वाहवणारं, अंगावर गांधी उठवणारं तेच ते! अमेरिकेत ऑरेगनचे जॉन हॅलिविल यांनी स्वयंसेवकांना हिस्टामिन अडवणाऱ्या गोळ्या देऊन सायकल मारायला लावली, तर नंतरची उतरण बरीच कमी झाली. पुढे बेल्जियममधल्या संशोधकांनी सहा आठवड्यांच्या सरावात अशाच गोळ्या दिल्या. त्या गटाला सरावाचा लाभ कमी मिळाला. व्यायामानंतरचा तो शांत वेळही शरीराच्या कामाचा असतो, हे यातून दिसतं. (म्हणून कुणी डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी बंद करू नये. या प्रयोगांतले डोस नेहमीपेक्षा मोठे होते.)

उच्च रक्तदाब असलेल्यांत ही उतरण कित्येक तास टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललं की नवी उतरण. मग रात्रीचं काय? जुन्या आढाव्यांत नियमित व्यायामाने दिवसाचा दाब उतरलेला दिसे, रात्रीचा फारसा नाही. २०२० मधल्या एका मोठ्या आढाव्यात मात्र उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा दिवसा आणि रात्रीही सरासरी चार-पाच अंकांनी कमी झालेला आढळला. चार-पाच अंक ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते चोवीस तास, वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतींवरून उतरलेलं ओझं आहे.

‘सकाळीच चाला, तरच फायदा’ असे जे संदेश फिरतात त्यांना मात्र फार किंमत देऊ नये. सकाळी सातच्या व्यायामाने रात्रीची उतरण जास्त मिळाली, असं सांगणारा अभ्यास जेमतेम वीस जणांचा होता. ब्राझीलमध्ये गोळ्या घेणाऱ्या ५० पुरुषांत संध्याकाळचा सराव सरस ठरला. इतक्या लहान गटांवरून घड्याळाचे नियम ठरत नाहीत. ज्या वेळेला पाय रोज घराबाहेर पडतात ती वेळ चांगली.

तेव्हा मशीन लावलेल्या दिवशी या वाचकाने चालणं टाळावं का? बहुतेक डॉक्टर नेहमीचा दिनक्रम चालू ठेवायला सांगतात, फक्त दमछाक करणारा व्यायाम नको म्हणतात. वाटेत पट्टा फुगला, तर जागीच थांबून हात सैल सोडावा; हलत्या हाताचं माप चुकतं. सोबत दिलेल्या कागदावर झोपेच्या आणि गोळीच्या वेळेशेजारी चालण्याची वेळही लिहावी: ६.१० ते ७.०५. डॉक्टरांना बघायचे असतात ते त्यापुढचे आकडे, साडेसातचे, नऊचे, आणि रात्री दोनचाही.