मुखारोग्य आणि सार्वजनिक विमा

निपाणी परिसरात वाढलेल्या माझ्या पिढीच्या स्मरणात पहाटेचा एक वास कायमचा बसला आहे : तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीचा. दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबणारी किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई पहाटे मशेरीने दात घाशी. दुखरी दाढ तिने बधिर होई, भूकही काही काळ मरे. साहजिकच तिला व्यसन कोणी म्हणत नसे. ते घरचे औषधच मानले जाई.

त्या बाईच्या तोंडाची जबाबदारी आज सार्वजनिक विमा कितपत घेतो, हे पाहू. २०१८ साली आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि कर्नाटकात ती 'आरोग्य कर्नाटक'शी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि जबड्याचा अस्थिभंग तीत बसतात, आणि ही गोष्ट लहान नाही. मात्र या विम्याचे दार रुग्णालयाच्या खाटेपाशी उघडते. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा व घरी परतल्यावर १५ दिवसांचा खर्च धरला जातो. दाढेची कीड काढून भरणे, हिरड्यांची सफाई ही बाह्यरुग्ण विभागातील कामे बाहेरच राहतात.

मुखरोगाची चाल काही ३ दिवसांची नसते. तंबाखू जेथे रोज धरली जाते, तेथे गालाच्या आत पांढरा चट्टा उमटू शकतो. सुपारी आणि गुटख्याने गालाचे अस्तर ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात की नाही, ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल. सर्वच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत. जे बदलतात, त्यांना बहुधा काही वर्षे लागतात. पण चट्टा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी मजुरी कोण बुडवील? विड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. ज्या दिवशी सूप बाजूला ठेवले, त्या दिवशी हाती शून्य. शक्ती योजनेने २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांचे साध्या सरकारी बसचे भाडे माफ केले, तेवढा एक अडसर दूर झाला. तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखतपासणी आरोग्य उपकेंद्रांतून करावी, असे सरकारी धोरण आहे. पण चट्टा आढळल्यावर तुकडा काढून तपासण्याचा खर्च पुष्कळदा घरावरच पडतो.

विमातज्ज्ञांचा आक्षेप जुना आहे. विमा क्वचित घडणाऱ्या मोठ्या हानीसाठी असतो. दात तर सर्वांचेच किडतात. ब्रिटनने १९४८ साली दंतोपचार मोफत केले, तेव्हा कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की १९५१ साली शुल्क बसवावे लागले, आणि त्या वादात अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. माझ्या मते यातून निघणारा बोध वेगळा आहे : पिढ्यान्‌पिढ्या साचलेली गरज एकदम बाहेर आली, इतकेच. कर्नाटकाची 'दंतभाग्य' योजनाही गरीब वृद्धांना कवळ्याच देते, म्हणजे दात गेल्यानंतर.

२०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले व कर्नाटकाने हरकत घेतली. त्या वादात येथे शिरत नाही. मात्र तीही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचीच आहे. दोन राज्ये एकाच खाटेवरून भांडत असताना खाटेच्या अलीकडची वर्षे कोणाच्याच हिशेबात नाहीत.

बेळगावात दोन दंतमहाविद्यालये आहेत. विम्याने त्यांना दरडोई ठरावीक रक्कम देऊन निपाणी-चिकोडीच्या गावांतील वार्षिक तपासणी, कीड भरणे आणि चट्ट्याची परीक्षा सोपवावी. प्रत्येक दाढेमागे पैसे दिल्यास निरोगी दाढाही कोरल्या जातील. दरडोई दिल्यास तोंड निरोगी राहण्यातच महाविद्यालयाचा फायदा. अर्थात काम टाळले जाऊ नये म्हणून तपासलेल्या तोंडांची नोंद ग्रामपंचायतीत लावावी लागेल. पैसा कोठून आणावा, याचा एक दाखला आपल्याच धंद्यात आहे. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणनिधीत घातला जाई. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर रद्द झाला. विडीवर कर आजही आहेच. त्यातला ठरावीक वाटा ती वळणाऱ्या बाईच्या तोंडाच्या तपासणीसाठी पुन्हा बांधून ठेवता येईल.