बीड, घडीव लोखंड आणि पोलाद : शंभर वर्षांच्या कसोटीचा मागोवा

एखादा धातू बळकट की दुबळा, हा प्रश्न तो कोणता भार, कोणत्या रीतीने आणि कोणत्या हवेत सोसणार हे सांगितल्यावाचून अपुराच राहतो. परंतु ही गोष्ट यंत्रविद्येच्या अंगवळणी पडण्यास सुमारे शतक लोटले, आणि त्या शतकाचा दाखला मुख्यत्वे मोडलेल्या वस्तूंनीच लिहून ठेवला आहे.

24 मे 1847 रोजी चेस्टरनजीक डी नदीवरील पुलाची बिडाची तुळई धावत्या आगगाडीखाली दुभंगली व पाच माणसे दगावली. भाराखाली तुळईचे वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते. आणि बीड दाबाला जितके भक्कम, तितकेच ताणाला दुबळे. रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या थोर अभियंत्याने तिला घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार दिला होता, तोही पुरला नाही.

कारखानदाराच्या हमीवर विसंबून न राहता नमुना प्रत्यक्ष ओढून, दाबून, वाकवून पाहावा, हा दंडक रूढ करण्याचे मोठे श्रेय डेव्हिड कर्कल्डी या स्कॉटिश गृहस्थाचे. 1866 साली त्याने लंडनच्या सदर्क भागात सर्वांस खुली परीक्षणशाळा काढली. तेथील आडवे यंत्र पाण्याच्या दाबावर चाले आणि त्याचे वजन सुमारे 116 टन होते. पुढे नव्या वास्तूच्या दारावर त्याने, येथे मत नव्हे तर वस्तुस्थिती मिळते, अशा आशयाची अक्षरे कोरविली.

त्या अक्षरांचा खरा कस लागला तो 28 डिसेंबर 1879 च्या रात्री टे नदीवरील पूल वादळात गाडीसकट कोसळल्यानंतर. खांबांच्या तिरप्या आधारपट्ट्या ज्यांत अडकवल्या होत्या, ते बिडाचे कान चौकशीच्या निमित्ताने याच यंत्रावर ओढले गेले, आणि अपेक्षित भाराच्या जेमतेम एक-तृतीयांशावर तुटले. बोल्टांची छिद्रे वेधून न काढता साच्यातच ओतल्याने निमुळती राहिली होती. त्यामुळे बोल्ट छिद्राच्या एका कडेवरच टेकत होता. ओतकामातील पोकळ्या मेण, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजवल्या जात, असेही जबान्यांतून निष्पन्न झाले. हे वाचताना आजही मन विषण्ण होते; कारण उभ्या भाराची परीक्षा त्या खांबांनी रोजच दिली होती, परंतु वाऱ्याच्या आडव्या जोराची स्वतंत्र तरतूद आराखड्यातच नव्हती.

1890 साली फोर्थचा महाकाय पूल पोलादाचा उभा राहिला आणि पुलांच्या कामी पोलादाविषयीचा संशय बहुतांशी फिटला. किंबहुना भरवसा फाजील वाढला. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे 'शेनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज, धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना, थंडीच्या रात्री अकस्मात मध्यभागी तडकले. दोष केवळ वेल्डिंगचा, असा बोलबाला झाला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र दाखवून दिले, की ते पोलाद उबेत लवचीक असले तरी ठरावीक तपमानाखाली काचेप्रमाणे ठिसूळ होते, आणि साध्या ताणाच्या परीक्षेत हा स्वभाव प्रकट होत नाही. खाच पाडलेला तुकडा लंबकाच्या घणाने फोडण्याची शार्पीची पद्धत 1901 पासून उपलब्ध होतीच. आता जहाजाच्या पत्र्याचा नमुना थंड करून, तपमान नमूद करून, त्या घणाखाली ठेवला जाऊ लागला.