आंब्याच्या कोय कलमाची टोपी

कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोय कलमे बांधतात. बांधलेल्या काडीस स्वतःचे मूळ नसते. खुंटाशी सांधा जुळेपर्यंत तिला पाणी मिळत नाही. हवा कोरडी पडली की अंगचा ओलावा गमावून ती सुकते आणि बागाईतदाराचा हंगाम वाया जातो. यास्तव काडीवर प्लॅस्टिकची अरुंद पिशवी टोपीसारखी चढवून सांध्याखाली बांधावी, म्हणजे आतील हवा दमट राहते. कलमे सावलीच्या मांडवातच ठेवावीत व उघडीप पडल्यास मांडवातील जमिनीवर पाणी शिंपडावे. उन्हात पिशवी तापून काडी अक्षरशः शिजते. पुष्कळांचे नुकसान येथेच होते आणि दोष मात्र काडीला दिला जातो! कोंब फुटून पिशवीस टेकू लागताच ती सायंकाळी काढावी. सांध्याची पट्टी त्या वेळी सोडू नये.