पंधरा, नऊ आणि चार: थीम पार्कचा एक दिवस कसा बसवायचा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिहून काढलंय.

घरात ज्याच्या हातात सगळ्यात चांगला फोन, बुकिंग त्याच्याकडे. "तू बघ ना रे जरा ऑनलाइन," एवढंच ताई म्हणते, आणि अख्ख्या कुटुंबाचा दिवस आपल्या गळ्यात पडतो. आमच्याकडची मंडळी अशी: दादाचा मुलगा पंधरा वर्षांचा, ताईची मुलगी नऊची, तिचा धाकटा चारचा, शिवाय गुडघे दुखणारी आई. जागा म्हणाल तर इमॅजिका, खोपोलीजवळचं. २०१३ साली सुरू झालं, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून एका दिवसात जाऊन येता येतं. म्हणून उदाहरण तेच घेतोय.

पहिली गोष्ट, मुलांची वयं विसरा. उंची मोजा. घरी भिंतीला टेकवून, चप्पल काढून, सेंटीमीटरमध्ये. मोठ्या राइड्सना वय कोणी विचारत नाही, दाराशी उंचीची पट्टी असते. आणि ही पट्टी मूल घाबरेल की नाही ते बघायला नसते बरं का. खांद्यावरून खाली येणारा किंवा मांड्यांवर बसणारा सेफ्टी बार ठराविक अंगकाठीसाठी बनवलेला असतो. मूल छोटं असेल तर मध्ये फट राहते आणि राइड उलटी-पालटी होताना ते निसटू शकतं. इमॅजिकाचं नायट्रो घ्या: हा रोलर कोस्टर पाच वेळा उलटा करतो आणि पायाखाली फळीसुद्धा नसते. तिथे दोन बोटं कमी म्हणजे कमीच. जाड सोलचे बूट घालून किंवा डोक्यावर अंबाडा बांधून उंची वाढवणारे आईबाप मी पाहिलेत. कृपया नको.

यात सगळ्यात अवघड जागा कोणाची? चार वर्षांच्याची नाही. त्याला कॅरोसेल मिळालं, टबीसारखं मोठ्ठं कार्टून दिसलं की तो खूश. अडकते ती नऊ वर्षांची. दादासोबत जायचंय पण उंची पुरत नाही, आणि धाकट्यासोबत बसवलं तर अपमान वाटतो. म्हणून वेबसाइटवरची उंचीची यादी मी भाचीसोबत बसून वाचली, आदल्या रविवारी, घरी. "ही तुला चालेल, ही नाही, ही मोठा माणूस सोबत असेल तर चालेल." नायट्रोवर काट मारली तेव्हा ती रुसली. पण घरी रुसली, तासभर रांगेत उभं राहून, दाराशी, सगळ्यांसमोर नाही. मग तिच्या हक्काच्या चार राइड्स तिनेच निवडल्या आणि त्यातल्या दोन ठिकाणी दादाने तिच्याबरोबर यायचं, असा करार झाला.

आता दिवसाची मांडणी. दार उघडताच रांगा छोट्या असतात, तेव्हा मोठ्या राइड्स उरकायच्या. त्या वेळात धाकटा आणि आजी लहान मुलांच्या भागात. दुपारचं ऊन सगळ्यांनाच नको होतं. तेव्हा आतल्या, एसीतल्या गोष्टी: आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया वगैरे. अर्थात सिनेमासारखं दिसलं तरी खुर्ची हलते, तेव्हा लहानग्याला नेता येईल का ते दाराशी विचारा. आईसारख्यांनी पाठ-मान-हृदयाच्या सूचनाही वाचाव्यात. पाण्यात भिजवणारी राइड दुपारीच घ्या, म्हणजे कपडे अंगावर वाळतात. वॉटर पार्क वेगळं आहे, तिकीटही वेगळं. तीन वयांची मुलं घेऊन एका दिवसात दोन्ही? मी तरी करणार नाही.

आईबाबांनाही राइड हवी असते, हे सगळेच विसरतात. परदेशात यासाठी सोय असते: डिस्नेच्या पार्कांत रायडर स्विच, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. एकजण लहानग्याला सांभाळतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडे राइडवरच्या कर्मचाऱ्याला सरळ विचारायचं. नाही म्हणाले तर मावशी, काका, आत्या असतात कशाला!

फोनवर मात्र विसंबू नका. मोठ्या राइडवर फोन नेता येत नाही, म्हणजे पुतण्या नायट्रोवर असताना तुम्ही दहा कॉल केलेत तरी तो उचलणार नाही. "फोन कर, मग भेटू" याऐवजी घड्याळ लावा: दीड वाजता, अमुक हॉटेलसमोर, उशीर झाला तर तिथेच थांबायचं. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेटवर्क रडतं. धाकट्याच्या खिशात दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, आणि सकाळी आत शिरताना त्याचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवला तर "निळा शर्ट होता बहुतेक" असं सांगायची वेळ येत नाही.

परतीचं काय? पुणेकरांनो, रविवारी संध्याकाळी बोरघाटात अडकायची शक्यता धरूनच निघा, आणि मुलांना गाडीत बसायच्या आधीच खाऊ घाला. धाकटा पार्किंगपर्यंत जागा राहत नाही, तेव्हा त्याला उचलायचा नंबर कोणाचा तेही सकाळीच ठरवून टाका.

तुमच्याकडच्या मधल्या भावंडाचं काय करता ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या एपिसोडात ऐकवेन.