प्राणिसंग्रहालयाचा जमाखर्च

व्यापारी घरात मुलाला हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. पेढीवर बसता-उठता तो कानावर पडत असतो. अलीकडे मात्र मुले हिशेबाचे काही धडे हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर गिरवू लागली आहेत. प्राणिसंग्रहालय उभारून चालविण्याचा खेळ हा त्यांतलाच एक. घरातील वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु त्याचा जमाखर्च एकदा समजून घेण्याजोगा आहे.

‘झू टायकून’ हा या प्रकारचा गाजलेला खेळ २००१ मध्ये संगणकावर आला आणि २००५ मध्ये त्याची आवृत्ती ‘निन्टेंडो डीएस’ या छोट्या यंत्रासाठी निघाली. या यंत्राला दोन पडदे असतात. खालच्या पडद्यावर लेखणीसारख्या काडीने स्पर्श करून खेळावयाचे. खेळाडूने आपल्याजवळील रकमेतून कुंपण घालावे, प्राणी आणावेत, झाडे लावावीत, सेवक नेमावेत. प्रवेशशुल्क, देणग्या आणि खाद्यपदार्थांची विक्री ही जमेची बाजू. पगार आणि देखभाल ही खर्चाची. सारी रक्कम प्राणी आणण्यातच घातली, तर पुढे पगाराला रोकड उरत नाही. हा अनुभव कोणत्याही दुकानदाराला परका नाही.

मात्र येथे ज्याच्यावर भांडवल गुंतते, तो जीव आहे. सिंहाला गवताळ माळ हवा, ध्रुवीय अस्वलाला बर्फ आणि पाणी हवे. भूमी चुकली, जागा अपुरी पडली, की प्राणी खिन्न होतो. त्याला पाहून प्रेक्षक नाराज होतात आणि उत्पन्न घटते. म्हणजे प्राण्याच्या सुखातच मालकाचा लाभ आहे. मुलाच्या मनावर हे ठसणे चांगलेच. पण एक प्रश्न राहून जातो. प्राण्याला सुखात ठेवावयाचे ते गल्ल्यासाठी, की त्याच्यासाठी? लाभ आणि दया एकाच वाटेने चालतात, तोवर हा प्रश्न उभाच राहत नाही.

‘लेट्स बिल्ड अ झू’ या खेळात त्या दोन वाटा वेगळ्या होतात. तो २०२१ मध्ये संगणकावर आणि २०२२ मध्ये ‘निन्टेंडो स्विच’वर आला. येथे पैशाच्या हिशेबाबरोबर खेळाडूच्या बऱ्यावाईट निर्णयांचीही नोंद राहते. चोरबाजारातील प्राणी घ्यावा की नाही? पिंजरे भरून गेल्यावर वाढलेल्या प्राण्यांचे काय करावे? सज्जन मार्गाने गेल्यास पर्यावरण राखणाऱ्या सोयी खुल्या होतात. दुसऱ्या मार्गाने गेल्यास प्राण्यांपासूनच विक्रीचा माल बनविणारे कारखाने उभारता येतात. दुसऱ्या मार्गाचा खेळाडू हरत नाही. त्याचाही गल्ला भरू शकतो, त्याच्याही दाराशी प्रेक्षक येतात. दोष दाखविण्याचे काम खेळ करीत नाही. ते घरातील मोठ्यांकडेच राहते.

वास्तवातील व्यवहार मुलाला सांगणे म्हणूनच अगत्याचे. पडद्यावर पैसे मोजताच वाघ दारी येतो. भारतात तसे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये १९९१ साली प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. वाघासारख्या संरक्षित प्राण्याची देवघेव करावयाची, तर प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि तीही मान्यताप्राप्त संग्रहालयांतच होऊ शकते. कितीही धनवान माणसाला वाघ हा विकत घेण्याचा माल नाही. खेळात चुकलेला डाव पुन्हा मांडता येतो; पिंजऱ्यात दगावलेला प्राणी परत येत नाही.

तेव्हा यंत्र हिसकावून घेण्याऐवजी वडिलांनी किंवा आजोबांनी घटकाभर शेजारी बसावे. आज किती कमावले, हे मूल आपण होऊन अभिमानाने सांगेलच. त्यापुढे विचारावे, की ही कमाई कशातून झाली? गर्दी ओसरली, तर म्हाताऱ्या झालेल्या हत्तीला दाणापाणी घालशील का? तोटा सोसावा लागला तरी कोणती गोष्ट विकणार नाहीस? या प्रश्नांवर मूल क्षणभर थांबले, तर तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. आणि हेच प्रश्न त्याने उलट मोठ्यांना विचारले, तर पेढीवरील माणसांजवळही त्यांचे उत्तर असावे.